गच्चीची वॉरंटी आणि अबू जरीरकाकांची ड्रिल

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नवी वही आणली. आजपासून रोज लिहायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. निमित्त असं की हज्जांच्या खोलीत छताला ओल आलीय.

हज्जा म्हणजे माझ्या सासूबाई. वर्षभर आमच्याकडेच असतात. गुडघे गेले, दात गेले, जीभ जागेवर आहे. सकाळी तेल आणि झातरच्या मसाल्यात रोटी बुडवता बुडवता म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या डोक्यावर नकाशा उमटलाय. कुठला देश आहे तेवढं बघून सांगा."

पाहिला. देश लहान आहे. किनारा पिवळा.

घाबरायचं काही कारण नाही. फ्लॅट घेतला तेव्हा अबू जरीरकाकांनी स्वतः सही करून वॉरंटी दिलीय. काका आमचे बिल्डर. बांधलेल्या इमारतीत तळमजला स्वतःला ठेवून तिथेच राहतात. दारं, नळ, कड्या एक वर्ष. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पाच वर्षं. खांब आणि तुळया दहा. पाच वर्षं ३१ डिसेंबरला संपतायत, म्हणजे वेळच वेळ आहे. शिवाय मी कोण? वीस वर्षं फ्रिज-वॉशिंग मशीनच्या दुकानात वॉरंटी खात्यात बसलोय. आख्ख्या अम्मानमध्ये वॉरंटीतलं माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस दाखवा, माझ्या पैशाने कनाफाची मिठाई खाऊ घालतो.

बायको, रुदैना, म्हणाली, आधी गच्चीत जाऊन बघा. बायकांना प्रत्येक गोष्ट बघायची असते. म्हटलं, बघतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

गच्चीत गेलो नाही. वारा होता.

संध्याकाळी वॉरंटीचा कागद काढला. कलम एक ते सहा अतिशय सुंदर. सगळी जबाबदारी बिल्डरवर. सातव्याला पोचलो आणि चहा आला. चहा गार झालेला मला चालत नाही. कागद ठेवून दिला.

जिन्यात काका भेटले. गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढत होते. आमच्या समोरचा फ्लॅट अजून विकायचा राहिलाय, तो उघडून हवा खेळवायला चालले होते. म्हणाले, "काय मुनीब, ड्रिल झाली का वापरून?"

ड्रिल त्यांची आहे. एप्रिलमध्ये आणली होती, स्वयंपाकघरात फळी ठोकायची म्हणून. माझ्या पलंगाखाली आहे. म्हटलं, उद्या आणून देतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पाण्याचा दिवस. आठवड्यातून एकदा सरकार नळ सोडतं आणि सगळं शहर गच्चीवरच्या टाक्यांकडे धावतं. मलाही जावं लागलं, नाहीतर टाकी वाहिली असती.

वर गेलोच होतो म्हणून माझा द्राक्षांचा मांडव पाहिला. माझा अभिमान आहे तो. चार लोखंडी खांब, वर जाळी, पिंपात वेल. उन्हाळ्यात आख्ख्या इमारतीने त्याखाली बसून माझं कलिंगड खाल्लंय, माझा हुक्का ओढलाय. सगळ्यांना मी तेव्हा सांगितलं होतं की खांब सिमेंट भरलेल्या डब्यांत उभे आहेत. आणि डबे आहेतही. त्यांत पुदिना लावलाय. खांब त्यांच्या बाजूला आहेत, बोल्टवर. बोल्ट म्हणजे अगदी लहान. डब्यांमुळे दिसतसुद्धा नाहीत.

चौथ्या खांबाच्या बुडाशी पाणी साठलेलं होतं. तिथे भोक पाडताना ड्रिलचं बिट मोडून आत राहिलं होतं, पण तो वेगळा विषय. पाणी काय, कुठेतरी साठणारच. त्या जागेच्या बरोबर खाली कोणाची खोली येते याचा हिशेब करत बसलो नाही. मी काही इंजिनियर नाही.

पुदिन्याचा डबा जरा पुढे सरकवला.

१७ नोव्हेंबर, रविवार

दुकानात एक बाई वॉशिंग मशीन घेऊन आल्या. टॅक्सीच्या टपावर बांधून आणलेलं. मशीन फिरत नाही. वॉरंटीचे अजून चार महिने शिल्लक. मी मागचं झाकण पाहिलं, एका स्क्रूचं सील तुटलेलं. म्हणाल्या, मुलाने उघडून बघितलं फक्त, काही केलं नाही. मी फॉर्मवर लिहिलं: वापरातली चूक. नामंजूर.

"अरे भावा, एका स्क्रूपायी आख्खं मशीन माझ्या गळ्यात?"

मी त्यांना शांतपणे समजावलं. बाई, स्क्रू एक असो की शंभर, सील तुटलं की वॉरंटी तुटली. लोक आधी खाडखूड करतात आणि मग कंपनीच्या नावाने बोंबलतात. साहेबांनी लांबून ऐकलं आणि मान डोलावली.

घरी येताना छातीत जळजळत होतं. फलाफल शिळं असणार.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पाऊस. कालपासून थांबलेला नाही. ओल होती तिथून आता ठिबकतंय. खाली बादली ठेवली. हज्जांची गादी दिवाणखान्यात आणली, पाहुण्यांसाठी राखलेल्या सोनेरी खुर्च्यांमध्ये. आता त्या तिथे उशीला टेकून सुलतानासारख्या पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा सांगतात.

रुदैना म्हणाली, "अहो, काकांना सांगून मोकळे व्हा ना. तळमजल्यावर राहतात, चंद्रावर नाही राहत."

म्हटलं, या गोष्टी अशा होत नसतात. क्लेम करायची एक पद्धत असते. आधी पुरावा, मग नोटीस, मग पाठपुरावा.

"मग करा की पुरावा. गच्चीत फोटो काढून आणा."

मला तेवढ्यात खोकला आला. खरंच आला. हज्जा खुर्च्यांतून ओरडल्या, "खाई त्याला खवखवे!" या म्हणीचा आणि माझ्या खोकल्याचा काय संबंध, देव जाणे. हज्जांचं वय झालंय.

नंतर कलम सात वाचायचं ठरवलं होतं. चष्मा सापडला नाही. डोक्यावर होता, पण तो झोपताना सापडला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं. हल्ला हाच उत्तम बचाव. जिन्यात नोटीस लावली, छान मोठ्या अक्षरात: रहिवाशांनो सावध! आपल्या गच्चीला हलका माल?

शेवटी प्रश्नचिन्ह टाकलंय. त्यामुळे हा आरोप होत नाही, शंका होते. वीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही.

काका नोटिशीसमोर बराच वेळ उभे होते म्हणे. रुदैनाने पाहिलं. म्हणाली, त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं आणि आत गेले. वर म्हणाली, चाळीस वर्षं माणूस घरं बांधतोय, एकही छत गळलं नाही म्हणून सांगत असतो. तिने मला हे का सांगितलं, कळलं नाही.

जेवण गेलं नाही. मसुराच्या आमटीत लिंबू जास्त होतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

समोरचा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं होतं. तहसीन नावाचे गृहस्थ, कुवेतहून नोकरी संपवून परत येतायत. काका त्यांना घेऊन हळूहळू चढत होते, मागे राहिले. हे पुढे आले, नोटीस वाचली आणि मला विचारलं, "तुम्ही इथेच राहता ना? हे गच्चीचं काय आहे?"

आता एखादा जाणकार म्हणून आपल्याला विचारतो, तेव्हा माणसाने तोंड शिवून बसायचं का? मी त्यांना वॉटरप्रूफिंग म्हणजे काय, डांबराचे थर किती, निकृष्ट माल कसा ओळखावा, सगळं सांगितलं. हज्जांच्या खोलीतली बादली दाखवली. फार प्रभावित झाले. मला कार्ड दिलं.

काका वर पोचेपर्यंत ते घड्याळ बघत खाली निघाले होते.

संध्याकाळी रुदैनाकडून कळलं की त्या फ्लॅटचे पैसे आल्यावर काका अकबाला लेकीकडे जाऊन राहणार होते. समुद्राकाठचं गाव, पण हवा वाळवंटी कोरडी, गुडघ्याला बरी. लेकीने खोली रंगवूनसुद्धा ठेवलीय. रुदैना ताटं घासता घासता म्हणाली, "आता राहिलं ते." एवढंच म्हणाली. पण ताट जरा जोरात ठेवलं.

माझा काही दोष नाही. मी कुठे म्हटलं घेऊ नका? मी फक्त बादली दाखवली.

झोप येत नाहीये. गादी कडक आहे. खाली ड्रिल असल्यामुळे असेल.

३० नोव्हेंबर, शनिवार

रुदैनाला मकलूबा भात करायला सांगितला आणि मोठं ताट भरून काकांकडे पाठवलं. शेजारधर्म म्हणून, दुसरं काही नाही. तासाभराने ताट परत आलं. रिकामं ताट आमच्याकडे कोणी परत करत नाही. काकांनी त्यांच्या झाडाचे ऑलिव्ह घालून पाठवले होते, हाताने फोडलेले, मिरची-लिंबू घातलेले. आणि निरोप: भात फार छान झाला होता. मुनीबला म्हणावं, ड्रिल सवडीने दे.

ऑलिव्ह मी खाल्ले नाहीत. हज्जांनी दात नसताना सगळे संपवले.

२ डिसेंबर, सोमवार

सुचलं! एवढे दिवस कसं सुचलं नाही?

जाहा न्यायची. जाहा म्हणजे सोयरीक मागायला, भांडण मिटवायला नेतात तशी चार मोठी माणसं घेऊन काकांच्या दारी जायचं. पुढे फवाझ सर. दुसऱ्या मजल्यावर राहतात, निवृत्त हेडमास्तर, आवाज असा की पोरं अजून सरळ बसतात. आम्ही बसणार. कॉफी येणार. कपाला हात लावायचा नाही. मागणं मान्य झाल्याशिवाय कोणी प्यायचीच नाही, ही रीत. पाहुण्यांच्या कपात कॉफी तशीच राहिली तर यजमानाची लाज गेली. काका जुन्या वळणाचे. ते म्हणणार, "प्या, तुमचं मागणं मान्य." संपलं!

आणि यातली खरी मेख अशी की जाहाच्या वेळी कोणी तपासणी करत नाही. मोठी माणसं दारात आल्यावर "आधी गच्ची बघून येतो" म्हणणारा यजमान अजून जन्मायचाय. अर्ज केला तर तपासणी आली. जाहा नेली तर नुसती अब्रू.

फवाझ सरांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "मुनीब, तुझी बाजू स्वच्छ आहे ना? माझं नाव पुढे करतोयस." मी म्हटलं, सर, आरशासारखी.

हे मी फार पटकन म्हटलं. इतकं पटकन म्हणायला नको होतं.

४ डिसेंबर, बुधवार

रंगीत तालीम. रुदैनाने कॉफी केली, बिनसाखरेची, वेलदोडा घालून. कप समोर ठेवला. मी ताठ बसलो. नजर समोर. कपाकडे बघायचं नाही.

रुदैनाने काकांची भूमिका घ्यायची म्हणून विचारलं, "मग, गच्ची का गळते?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोंडाला कोरड पडली, आणि खाली बघतो तर कप रिकामा.

परत. परत रिकामा.

तिसऱ्यांदा रुदैना मुद्दाम गप्प राहिली, तेव्हा जमलं. म्हणजे कोणी प्रश्न विचारला नाही तर मी उत्तम बसू शकतो. आणि जाहात प्रश्न विचारत नाहीतच. हज्जांनी सोनेरी खुर्चीतून सगळं पाहिलं. म्हणाल्या, "कर नाही त्याला डर कशाला, जावईबापू?"

मी म्हटलं, डर नाही, तहान आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज जाहा. दुपारच्या नमाजानंतर. इस्त्रीचा कोट. घरून निघताना दोन ग्लास पाणी पिऊन निघालो, खबरदारी म्हणून.

त्याच दिवशी, नंतर

लिहितो. लिहायला हवं.

आम्ही पाच जण. फवाझ सर मध्ये, मी त्यांच्या उजवीकडे. काकांनी आपल्या हाताने कॉफी ओतली. एक थेंब सांडला नाही. सगळ्यांचे कप समोर, कोणी हात लावला नाही. फवाझ सरांनी घसा साफ केला. बिस्मिल्लाह म्हटलं.

काकांनी हात वर केला. "सर, तुमचं मागणं ऐकतोच. तुम्ही आलात हाच माझा मान. त्याआधी या मुनीबला एक विचारू?" आणि माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "बाबा, ती ड्रिल नेलीस ना, त्याने फळीच ठोकलीस ना रे?"

दोन ग्लास पाणी कुठे गेलं देव जाणे. तोंडात वाळू. सगळे माझ्याकडे बघतायत. मी उत्तर देणारच होतो. काय देणार होतो ते मला अजून ठाऊक नाही. तेवढ्यात मला ओठांना गरम लागलं.

मी कॉफी प्यायलो होतो. पूर्ण. तळाचा गाळसुद्धा.

फवाझ सर माझ्या कपाकडे असे बघत होते, जणू पोराने पेपर फाडून खाल्ला. मागणं अजून मांडलंसुद्धा नव्हतं.

काकांनी माझा रिकामा कप उचलून बघितला. मग हसले, पण तोंडानेच. म्हणाले, "माझ्या घरात माझ्या पाहुण्याने कॉफी प्यायली. म्हणजे मागणं मान्य झालं. जे काय असेल ते मान्य. आता नाही म्हटलं तर ही कॉफी कसली? सर, तुम्हीही प्या."

सगळ्यांनी प्यायली. खाली बघत. कोणी कॉफीची तारीफ केली नाही.

जिन्यात फवाझ सर म्हणाले, "म्हाताऱ्याला बोलायला जागाच ठेवली नाहीस. सत्तर वर्षांत असा कावेबाजपणा पाहिला नाही मी." मी सांगायला गेलो की सर, मुद्दाम नाही, तहान. ते दोन पायऱ्या पुढे निघून गेले होते.

क्लेम मंजूर. तपासणीशिवाय. माझी योजना शंभर टक्के यशस्वी.

झोपायची वेळ झाली तरी कोट घालून बसलोय. कॉफी कडक होती, दुसरं काय.

७ डिसेंबर, शनिवार

ऊन पडलं. काका एका कामगाराला घेऊन गच्चीवर आले. स्वतः. चार मजले, त्या गुडघ्याने. मी म्हटलं, काका, तुम्ही कशाला? म्हणाले, "शब्द मी दिलाय, त्याने नाही."

मग त्यांनी पुदिन्याचा पहिला डबा उचलला.

दुसरा.

तिसरा आणि चौथा कामगाराने उचलला. बोल्ट उघड्यावर. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच मोठे आहेत. भोकांभोवती गंज उतरलेला, काळं वॉटरप्रूफिंग फाटून वर आलेलं.

काका एकदा ओरडले असते तरी बरं झालं असतं! मी उत्तरं तयार ठेवली होती, वेलीचं वजन, वारा, नियमात कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही वगैरे. एकही प्रश्न आला नाही. खांब उतरवले, माझा वेल जपून भिंतीशी टेकवला, डांबराच्या जळक्या वासात दोघं जण नवे डांबराचे थर चिकटवत राहिले. चौथ्या भोकातून पक्कडीने काहीतरी ओढून काढलं. मोडलेलं बिट. फडक्याने पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"बिट माझं आहे. पण राहू दे तुझ्याकडे."

आणि निघताना म्हणाले, "पुदिना छान वाढलाय."

काम झाल्यावर गच्चीत पाणी तुंबवून ठेवायचं असतं, परत गळतंय का बघायला. पाणी कोणाचं? फवाझ सर म्हणाले, मुनीबचं, आणखी कोणाचं. माझी टाकी रिकामी केली. पुढचं पाणी मंगळवारी. तोवर आंघोळ नाही. हज्जांनी गुलाबपाण्याने तोंड धुतलं आणि वर मलाच म्हणाल्या, "अंगाला वास येतोय तुमच्या. डांबराचा आहे का कसला?"

आज काकांनी ड्रिलचं विचारलं नाही. हे वाईट लक्षण आहे.

रात्री कागद काढला. कलम सात. वाचलं. एका ओळीचं आहे. फ्लॅटमालकाने गच्चीला भोक पाडल्यास ही हमी लागू नाही.

मला ते पाच वर्षांपूर्वीपासून पाठ आहे.

८ डिसेंबर, रविवार

दुकानात त्या वॉशिंग मशीनवाल्या बाईंचा फॉर्म शोधून काढला. नामंजूर खोडलं आणि मंजूर लिहिलं. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, सील तुटलेलं दिसत नाही का, वीस वर्षांनी डोळे गेले काय? मी म्हटलं, साहेब, एकच स्क्रू आहे. त्यांनी परत खोडलं. माझ्या नावापुढे शेरा मारला.

बाईंना फोन करून सांगितलं की प्रयत्न केला. म्हणाल्या, "आता कशाला फोन केलास? मुलाने कधीच दुरुस्त केलं ते."

आजच्या दिवसात तेवढं एक चांगलं झालं, आणि त्यात माझा हात नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

पाणी आलं. आंघोळ केली. हज्जांच्या खोलीत बादली कोरडी. गच्चीत तुंबवलेलं पाणी आटेपर्यंत एक ठिपका नाही. वॉटरप्रूफिंग उत्तम आहे. पाच वर्षांपूर्वीही उत्तमच होतं, हे नको असताना डोक्यात आलं.

जिन्यातली नोटीस काढली. चिकटपट्टीचा डाग राहिला. ओल्या फडक्याने घासला. घासताना फवाझ सर शेजारून गेले. सलाम केला नाही.

संकल्प: १. काकांना सगळं सांगायचं. २. ड्रिल परत. ३. तहसीनना फोन करून फ्लॅट विकून द्यायचा. म्हणजे काका अकबाला जातील, गुडघा बरा होईल, सगळं फिटेल. तिसरं सगळ्यात सोपं. तिथून सुरुवात.

१२ डिसेंबर, गुरुवार

तहसीनना फोन केला. तीनदा मनात उजळणी करून.

म्हटलं, ओळखलंत का, चौथ्या मजल्यावरचा मुनीब, बादली दाखवली होती तो. गच्ची एकदम ठणठणीत झाली. अबू जरीरसारखा बिल्डर शोधून मिळणार नाही. माल अस्सल, माणूस अस्सल. फ्लॅट डोळे मिटून घ्या.

त्यांनी विचारलं, "मग गळत कशामुळे होती?"

इथे मी खरं बोललो. खरंच बोललो. म्हटलं, बिल्डरचा काडीचा दोष नाही. एका शेजाऱ्याने मांडव घालायला गच्चीला भोकं पाडली होती. चोरून. आणि वर बिल्डरच्याच नावाने शंख केला.

"अरेरे. कुठल्या मजल्यावरचा?"

चौथ्या, म्हटलं. इतकं खरं बोलत होतो की थांबताच आलं नाही.

"म्हणजे माझ्याच मजल्यावर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

ते म्हणाले, "मुनीबभाई, तुम्ही सज्जन माणूस, सावध केलंत, उपकार झाले. पण छताची वॉरंटी मिळते हो. शेजाऱ्याची कुठे मिळते?" आणि मला त्या शेजाऱ्यापासून जपून राहायला सांगून फोन ठेवला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी उठून ठरवलं, आज काहीही झालं तरी. कोट घातला. रुदैनाने कुठे चाललात विचारलं नाही. नुसती कॉलर नीट केली. हज्जा आपल्या खोलीत परत गेल्यात. "नकाशा गेला, आता करमत नाही," म्हणत होत्या.

काकांनी दार उघडलं. एकटेच होते. खिडकीपाशी अकबाच्या लेकीशी बोलून फोन नुकताच ठेवला होता. म्हणाले, "ये, बस. यंदा नाही म्हणून सांगितलं तिला. पोरीने खोली रंगवलीय, नातवंडं झोपतील तिथे." मग आत जाऊन कॉफी घेऊन आले. एक कप माझ्यासमोर ठेवला.

मी हात लावला नाही.

त्यांनी पाहिलं. समोर बसले. गुडघा चोळत राहिले. घाई केली नाही. मला वाटतं, त्यांना सगळं समजलं होतं, की मी आज एकट्याचीच जाहा घेऊन आलोय आणि मला काय मागायचंय.

बोलणं तयार होतं. काका, भोकं मी पाडली. नोटीस मी लावली. गिऱ्हाईक मी घालवलं, दोनदा. मला माफ करा. चार वाक्यं. माझ्या दुकानात लोक यापेक्षा लांब अर्ज घेऊन येतात.

पहिलं वाक्य ओठांपर्यंत आलं. तिथेच थांबलं. कॉफीवरची वाफ हळूहळू कमी झाली. बाहेर सिलिंडर विकणारी गॅसची गाडी तिची धून वाजवत गेली आणि लांबून परत आली.

कॉफी गार होईल म्हणून मी प्यायलो.

कप खाली ठेवला. काका उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मान्य."

काय मान्य, ते मी विचारलं नाही. जिन्यात जरा वेळ बसलो. रडलो असेन. जिन्यात गार होतं, नाक वाहतंच.

घरी आलो तर ड्रिल पलंगाखालीच. न्यायची राहिली. उद्या.